एमएस्सी प्रकल्प: ऑक्झॅलेटचे स्फटिक जेलमध्ये वाढवायचे आहेत, धातू कोणता घेऊ?

निळी_शाई: नमस्कार मंडळी. भौतिकशास्त्र, शेवटचं वर्ष. सर म्हणतात कॅडमियम ऑक्झॅलेट घे, मागच्या बॅचचं साहित्य शिल्लक आहे. मला कॅल्शियम बरं वाटतंय. शिवाय एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना बघणं), एफटीआयआर (अवरक्त किरणांनी रासायनिक बंध ओळखणं), टीजीए (तापवत नेऊन वजनातली घट मोजणं) यांपैकी पैसे कशावर घालू? तिन्ही परवडणार नाहीत.

जुना_डेमॉन्स्ट्रेटर: कॅल्शियमच घे. कॅडमियम विषारी, उरलेलं द्रावण बेसिनमध्येही ओतता येत नाही. आणि कॅल्शियम ऑक्झॅलेट म्हणजे मुतखड्यातलं नेहमीचं द्रव्य, प्रस्तावनेला विषय आयता मिळाला.

सगळी मेख जेलमध्ये आहे. सोडियम सिलिकेटचं द्रावण १.०४ घनतेचं कर. ते ऑक्झॅलिक आम्लात थेंबाथेंबाने सोड, सतत ढवळत. उलट केलंस तर जागच्या जागी गुठळ्या धरतात. पीएच ५ च्या आसपास ठेव. जेल पक्कं बसल्याशिवाय वरून काही ओतू नकोस. नळी जरा कलती करून बघ, हललं तर थांब. मग कॅल्शियम क्लोराइड पिपेटने नळीच्या कडेने सोड, जेलला भोक पडता कामा नये. पाणी डिस्टिल्डच हवं. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम असतं, ऑक्झॅलिक टाकताक्षणी पांढरं होतं.

हिरवा_खडा: दिसायला देखणं हवं असेल तर जेलच्या भानगडीत न पडता पोटॅशियम फेरीऑक्झॅलेट करा. पाण्यातून सावकाश वाढतं, पाचूसारखे हिरवे खडे. फक्त अंधारात ठेवा, उजेडात लोह फेरस होतं आणि पिवळं फेरस ऑक्झॅलेट पडतं.

जुना_डेमॉन्स्ट्रेटर: खडे सुंदरच, पण तिचा प्रकल्प जेलचा आहे हो.

पैशांचं म्हणशील तर आधी टीजीए. मोनोहायड्रेट (ऑक्झॅलेटमागे पाण्याचा एक रेणू) असेल तर पाणी जाताना वजन १२.३ टक्के घटतं, मग कार्बन मोनॉक्साइड १९.२, मग कार्बन डायऑक्साइड ३०.१, शेवटी चुना उरतो ३८.४. डायहायड्रेट (पाण्याचे दोन रेणू) असेल तर पहिलीच घट २२ टक्क्यांच्या घरात. परीक्षकासमोर कागदावर मांडून दाखवता येतं. नमुना हवेत तापवणार की नायट्रोजनमध्ये, ते आधी विचार. हवेत मोनॉक्साइड जळतो, सोबत डीटीए (तापवताना उष्णता शोषली की बाहेर पडली ते दाखवणारी चाचणी) असेल तर दुसऱ्या टप्प्यावर उष्णता बाहेर पडल्याचं शिखर दिसतं. उरलेल्या पैशांत एक्सआरडी. एफटीआयआर कॉलेजातच कुणीतरी करून देतं.

निळी_शाई: कॅल्शियमला सरांनी होकार दिला! दोन्ही द्रावणं १ मोलर घेऊन चाचणी लावली. पण स्फटिक नाहीत, वरच्या बाजूला पांढऱ्या चकत्या आल्यात, एकाखाली एक.

हिरवा_खडा: लिझेगांग वलयं! म्हणजे जेलमध्ये साका असा थराथरांनी बसतो. फोटो काढून ठेवा, अहवालात एक पान भरेल.

जुना_डेमॉन्स्ट्रेटर: पान भरेल, पण मोजायला स्फटिक लागतील. दोन्ही ०.५ मोलरवर आण. तोंडाशी बारीक कणांची गर्दी होणारच, तिथे सांद्रतेचा उतार तीव्र असतो. खाली उतार मंदावतो, बीजं (स्फटिक जिथून सुरू होतो ते कण) कमी तयार होतात, म्हणून मोठे खडे तिथे शोध. तरी गर्दी झाली तर जेल थोडं दाट करून बघ.

निळी_शाई: घनता मोजायला हायड्रोमीटर नाही, फुटलाय.

जुना_डेमॉन्स्ट्रेटर: १० मिली पिपेटने घेऊन वजन कर. १०.४ ग्रॅम भरलं की झालं.