दुकानात माल आहे का नाही हे आधी कळायची सोय का नाही?

नवीपेठवाली: काल आईसाठी डबल बेडची सोलापुरी चादर घ्यायला सात रस्त्यावरून नवी पेठेत गेले, चार दुकानं फिरले, मरून रंग कुठंच नाही. एकानं "गोडाऊनला असंल, उद्या या" म्हणून सांगितलं. ऑनलाईन तर रंग, साईझ, किती शिल्लक, सगळं घरबसल्या दिसतं. जीआय टॅग (म्हणजे ह्याच भागाची खासियत अशी सरकारी नोंद) मिळालेली आपल्या गावची चादर, अन् गावातच शोधत फिरायचं?

काउंटरवरून: ताई, आमचं पण कापडाचंच दुकान आहे. बिलाचं सॉफ्टवेअर आहे ओ, पण गोडाऊनचा माल वहीत, कारखान्यातनं गठ्ठा आला की त्यावर बारकोड नसतो, आम्ही पेननं चिठ्ठी लावतो, गर्दीत बिल हातानं फाडलं की कॉम्प्युटरमधला आकडा चुकला तो चुकलाच. मग ऑनलाईन काय दाखवणार? पैसे घ्यायला क्यूआर लगेच लावला, कारण ते 1 स्टिकरचं काम होतं, स्टॉकला रोज माणूस लागतो.

गड्डायात्रा: व्हॉट्सॲप बिझनेसवर कॅटलॉग फुकट टाकता येतो की, संपलेला माल लपवता पण येतो. पण चादरीचं वजन, वीण हातात घेतल्याशिवाय कळत नाही, त्यामुळं मी तरी दुकानातच जाणार.

नवीपेठवाली: हातात घ्यायचीच आहे ओ, म्हणून तर गेले होते. निघायच्या आधी फोनवर "आहे" एवढं खात्रीनं सांगितलं तरी पुष्कळ.

काउंटरवरून: बरोबर आहे. डबल बेडच्या चादरींपासून सुरू करतो, रोज रात्री मोजून.