गांजा आणि कॉलेजचे दिवस : तुमचा किंवा जवळच्या कुणाचा अनुभव सांगा

बरेच दिवस हे विचारायचं मनात होतं. "गांजा म्हणजे झाडपाला, त्याची सवय लागत नाही" हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला खरंच पटलं होतं, कारण सांगणारा सीनियर हुशार होता आणि पासही होत होता. माझ्या रूममेटने तिथूनच सुरुवात केली. शनिवारी एक जॉइंट, मग परीक्षा संपली म्हणून, मग परीक्षा जवळ आली म्हणून, आणि तिसऱ्या वर्षी तो सकाळी दात घासायच्या आधी ओढायला लागला. मी बघत होतो आणि काहीच बोललो नाही, ते अजून टोचतं. ज्यांनी ओढलाय, सोडलाय किंवा घरात कुणाचं बघितलंय त्यांनी लिहा. नावगाव नको, उपदेश नको, झालं तेच सांगा.

*

मी दोन वर्षं रोज ओढला. सुरुवातीला रात्री झोप येत नाही म्हणून एक, एवढंच होतं. लेक्चर ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटायचं पण दुसऱ्या दिवशी वही उघडली की डोक्यात काहीच नाही, मला वाटायचं आपलीच बुद्धी कमी पडतेय. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूत आठवणी तयार होतात तो भाग, हिप्पोकॅम्पस, तिथेच टीएचसी, म्हणजे गांजातलं नशा आणणारं रसायन, जाऊन चिकटतं, म्हणून नवीन शिकलेलं टिकत नाही. सोडला तेव्हा पहिला दिवस बरा गेला, दुसऱ्या दिवसापासून चिडचिड, घाम, ताट समोर आलं की नको वाटायचं, आणि डोळा लागला की इतकी खरीखुरी स्वप्नं पडायची की दचकून उठायचो. पहिला आठवडा सगळ्यात वाईट, पंधरा दिवसांत बरंचसं ओसरलं, झोप मात्र महिनाभर विस्कटलेलीच होती. हे जातं एवढं जरी कुणी आधी सांगितलं असतं ना, तर त्याआधी दोनदा चौथ्या दिवशी परत ओढला नसता.

*

मी ओढलेला नाही, खाल्लाय. मैत्रिणीच्या रूमवर गांजा घातलेलं बिस्किट होतं, पाऊण तास झाला तरी काहीच होईना म्हणून अजून एक खाल्लं. ओढल्यावर काही मिनिटांत कळतं, पण खाल्ल्यावर चढायला दोन तासही लागू शकतात हे आमच्यात कुणालाच माहीत नव्हतं. मग छातीत जी धडधड सुरू झाली, मी मरतेय अशी खात्रीच झाली होती. बाकीच्या म्हणत होत्या थांब, घरी कळेल, पण एकीने ऐकलं नाही, हॉस्पिटलला नेलं आणि काय खाल्लंय ते डॉक्टरांना सरळ सांगितलं. तिचे उपकार आहेत माझ्यावर.

*

माझं उलट आहे. चार-पाच वेळा ओढला, हसलो, झोपलो, सोडून दिला, काही झालं नाही. खोटं कशाला लिहू. पण आमच्या सहा जणांतला एक अजून त्यातच अडकलाय आणि त्याच्या हातात पहिला जॉइंट मी दिला होता.

*

(धागा काढणारा) हे वाचून थांबलो जरा. ओढणाऱ्यांपैकी साधारण १० मधल्या एकाला सवय लागते आणि किशोरवयात सुरू केलं तर ६ मधल्या एकाला, असा अंदाज सांगतात. तो एक आपण आहोत का हे पहिला झुरका मारताना कुणालाच कळत नाही.

*

मला सकाळी उलट्या व्हायच्या, थांबायच्याच नाहीत, फक्त गरम पाण्याखाली उभं राहिलं की बरं वाटायचं, म्हणून तासतासभर बाथरूममध्ये. तपासण्या सगळ्या नॉर्मल. तिसऱ्या डॉक्टरांनी विचारलं, गरम पाण्याने बरं वाटतं का आणि गांजा ओढतोस का. वर्षानुवर्षं ओढणाऱ्या काही जणांना असं होतं म्हणे. मी तर उलटी थांबावी म्हणून अजून ओढत होतो. पूर्ण सोडल्यावरच थांबलं.

*

माझा धाकटा भाऊ, तेव्हा १९ वर्षांचा. सुट्टीत घरी आला तर लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर कागद चिकटवलेला, रात्रभर जागा. आम्हाला वाटलं अभ्यासाचं टेन्शन. एकदा पंख्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ताई, तुला पण ऐकू येतंय ना?" तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली. माझ्या मामाला स्किझोफ्रेनिया होता, पण घरात त्याबद्दल कुणी बोलायचं नाही, त्यामुळे आपल्याला धोका जास्त आहे हे भावाला माहीतच नव्हतं. डॉक्टर म्हणाले गांजाने सगळ्यांना असं होत नाही, पण घराण्यात आजार असेल, वय कोवळं असेल आणि रोज कडक माल ओढला तर शक्यता वाढते. आम्ही मामाचं लपवलं नसतं तर, हा विचार माझा आणि आईचा पाठलाग सोडत नाही.

*

ताई, माझा रूममेट आठवड्यापासून असंच काहीतरी बोलतोय, सगळे माझ्यावर नजर ठेवतात म्हणतो. काय करू?

*

आजच त्याच्या घरी फोन कर, उद्यावर ढकलू नकोस. रागावला तरी चालेल. असं काही नाहीये म्हणून वाद घालू नकोस, त्याला ते खरंच दिसतंय. एकटा सोडू नकोस आणि मानसोपचार डॉक्टरांकडे जाताना गांजाचं लपवू नका, त्यांना ते कळणं गरजेचं असतं. माझा भाऊ औषधं घेतो, एक वर्ष गेलं पण आता कॉलेजला जातोय. तुझा मित्र काय म्हणाला ते मला कळव.