मदत हवी आहे: सहावा महिना, दमा आणि पंप

मला सहावा महिना चाललाय, दमा लहानपणापासून. बुडेसोनाइडचा पंप सकाळ-संध्याकाळ घेते. डॉक्टर म्हणाल्या, अजिबात बंद करायचा नाही. आईला धाप लागली तर बाळालाही ऑक्सिजन कमी पडतो. पण सासूबाईंचं रोजचं, "पोटात बाळ असताना कसली औषधं ओढतेस?" त्यांचं मन राखायला तीन दिवस सोडला (मूर्खपणाच!) आणि चौथी रात्र उशीला टेकून, बसून काढली.

आता परत सुरू केलाय. घरात पावसाळ्याची ओल, वर संध्याकाळचा धूप. तुमच्यापैकी कोणी यातून गेलंय का? घरच्यांना कसं समजावलंत? प्रसूतीला जाताना पंप सोबत नेला होतात का? आणि बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी, ओवा-शेपाची धुरी कुणाला न दुखावता कशी टाळलीत?