मदत हवी आहे : वादळात फ्रीज आणि पंप कशावर चालवायचा?

नमस्कार मंडळी. आम्ही श्रीवर्धनचे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात वाडीतल्या पोफळी तारांवर आडव्या झाल्या, नि कित्येक दिवस वीज नव्हती. आईचं इन्सुलिन डबीत घालून माठात ठेवलं होतं.

गेल्या वर्षी छपरावर ३ किलोवॅटचं ऑनग्रिड सोलर (विजेच्या लाइनला जोडलेलं, बॅटरी नसलेलं) बसवलं. वाटलं, सुटलो! पण लाइन गेली की तेही बंद. खांबावरच्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून. बरोबरच आहे, पण भर उन्हात पंखा थांबतो तेव्हा चिडचिड होतेच.

आता हायब्रिड इन्व्हर्टर (सोलर, लाइन आणि बॅटरी तिन्हींवर चालणारा) घ्यावा की फ्रीजपुरती वेगळी बॅटरी? विहिरीचा १ एचपी पंप सुरू होताना जास्त करंट खेचतो, तो केवढ्या इन्व्हर्टरवर उचलतो? खाऱ्या हवेत लिथियम बॅटरी बरी की ट्युब्युलर (पाणी घालायची, शिसे-आम्लाची)? किनाऱ्यावर प्रत्यक्ष वापरणाऱ्यांनीच सांगा. दुकानदारांचं ऐकून झालंय.