लोकी सीझन २ चा शेवटचा भाग : याला सुखाचा शेवट म्हणायचं का? (स्पॉयलर आहेत)

निळी_शाई | १० नोव्हेंबर २०२३

ज्यांनी सहावा भाग बघितला नाही त्यांनी कृपया इथूनच मागे फिरा, खाली सगळं सांगून टाकलंय.

आज धनत्रयोदशी, स्वयंपाकघरात चकलीचा घाणा चाललाय आणि मी सकाळी सकाळी आतल्या खोलीत दार लावून हा भाग बघितला. बाहेर आले तर आई म्हणाली डोळे का लाल गं, मी म्हटलं तेलाचा धूर. आता सोऱ्या हातात आहे पण लक्ष तिकडेच, म्हणून पहिला घाणा झाल्या झाल्या इथे लिहायला बसलेय.

मला काय सलतंय सांगते. गेल्याच आठवड्यात, मार्वलच्या या मालिकेच्या पाचव्या भागात, लोकी सिल्वीसमोर, म्हणजे दुसऱ्या टाइमलाइनमधल्या त्याच्याच स्त्रीरूपासमोर, कबूल करतो की मला माझे मित्र परत हवेत, मला एकटं राहायचं नाहीये. २०११ च्या पहिल्या थॉर सिनेमापासून आपण त्याला बघतोय, सिंहासन पाहिजे, राज्य पाहिजे, लोकांनी गुडघे टेकले पाहिजेत, आणि बारा वर्षांनी कळतं की त्याला खरं तर चार-पाच माणसं हवी होती, त्या टीव्हीएच्या (काळावर पहारा ठेवणाऱ्या संस्थेच्या) कँटीनमध्ये समोरासमोर बसून की लाइम पाय खाण्यापुरती. आणि आठच दिवसांत त्यालाच उचलून काळाच्या पार टोकाला नेऊन बसवलं, ते पण सिंहासनावर, ते पण कायमचं.

पहिल्या सीझनमधली ती शिक्षेची खोली आठवतेय का, चौथ्या भागातली? अ‍ॅसगार्डची योद्धा सिफ येते, त्याला मारते आणि प्रत्येक वेळी तेच सांगते, तू एकटा राहायच्याच लायकीचा आहेस आणि एकटाच राहशील. झालंच की शेवटी तसं! तो लूमच्या कंट्रोल रूममधून बाहेर पडतो, मागे दार लावून घेतो आणि त्याचे ते सगळे मित्र काचेतून बघत राहतात, तिथे मला श्वासच घेता येईना.

तर विचारायचं हे की त्याने तिथे बसणं खरंच भाग होतं का, की लेखकांनी ओढूनताणून बसवलं? मला लूमचं गणित नीट कळलेलं नाही. आणि दुसरं म्हणजे सगळीकडे लोक लिहितायत की किती सुंदर शेवट, किती समाधान, मला समाधान सापडतच नाहीये. तुम्हाला सापडलं का?

---

सुताचा_गुंडा | १० नोव्हेंबर २०२३

लूमचं मी सांगतो, कारण आमच्या घरी दोन पिढ्या माग होते, इचलकरंजीला, आणि हा सीझन सुरू झाल्यापासून मला सारखं तेच दिसतंय.

मागावर ताण्याचे धागे फणीतून येतात. फणीला दात ठरलेले, त्यात जेवढे धागे बसतात तेवढेच बसतात. जास्त घुसवले की एकमेकांना घासतात आणि तुटतात. टीव्हीएमधला टेम्पोरल लूम म्हणजे हेच, कच्चा काळ आत येतो आणि त्याची टाइमलाइन विणली जाते. सिल्वीने पहिल्या सीझनच्या शेवटी ही हू रिमेन्सला, म्हणजे टीव्हीए उभारणाऱ्यालाच, मारलं, काळाच्या फांद्या मोकळ्या सुटल्या, आणि त्या मागाला झेपेना. टीव्हीएचा दुरुस्तीवाला ओबी आणि संशोधक व्हिक्टर टाइमली काय करायला बघतात, तर फणी रुंद करायला. थ्रूपुट मल्टिप्लायर म्हणजे तेवढंच. लोकी त्यासाठी शेकडो वर्षं बसून ओबीला येतं ते सगळं शिकतो, पडद्यावर नुसतं "काही शतकांनंतर" एवढं येतं आणि पुढच्या सेकंदाला तो ओबीच्या आधी ओबीची वाक्यं बोलायला लागतो, काय सीन आहे तो! आणि मग एकदाचं सगळं वेळेत होतं, मल्टिप्लायर लागतो, सगळे आनंदाने ओरडतात, आणि तरी लूम फुटतोच. कारण धागे अनंत आहेत. अनंताला पुरेल अशी फणी कोण बनवणार, व्हिक्टर तेच सांगतो.

खरी मेख पुढे आहे. लोकी काळात मागे जाऊन ही हू रिमेन्सला गाठतो तेव्हा तो सांगतो की तो लूम सगळं कापड विणायला नव्हताच, भार वाढला की बाकीचे धागे तोडायचे आणि एकच राखायचा यासाठी तो बांधलेला होता. म्हणजे बिघाड नाही, तो त्याचं कामच करत होता. माझ्यासाठी अख्ख्या दोन सीझनमधली सगळ्यात मोठी गोष्ट ही. मग लोकीपुढे दोनच रस्ते उरतात, सिल्वीला मारून जुनं राज्य तसंच ठेवायचं, नाहीतर लूमला सगळ्या फांद्या जाळू द्यायच्या.

आणि तो काय करतो, तर मागच मोडून टाकतो आणि सूत हातात धरतो. आमच्याकडे धागा तुटला की माग थांबवायचा, टोक शोधायचं, ओलं बोट लावून गाठ मारायची, माझे आजोबा अंधारातसुद्धा नुसत्या बोटांनी टोक शोधायचे. तसे ते काळे पडलेले, मेलेले धागे त्याच्या हातात आले की हिरवे होतात. तो फ्रेम मी चार वेळा मागे नेऊन बघितला. तेव्हा ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर हो, भाग होतं. मशीन नसेल तर धरणारा हात लागतोच, आणि सोडून चालत नाही.

---

एडिसनची_वहिनी | १० नोव्हेंबर २०२३

आमच्याकडे न्यू जर्सीत काल गुरुवारी रात्री नऊला आला, मी आणि माझी लेक, ती अकरावीत आहे, दोघींनी फराळाचे डबे भरायचे सोडून बघितला.

वरची मागाची गोष्ट फार आवडली. मी त्याला एकच जोडते, टीव्हीएमधला त्याचा मित्र मोबियस, त्याच्याबरोबरचा सीन. पहिल्या सीझनच्या पहिल्याच भागातली ती चौकशीची खोली, तिथे हा लोकी काळात मागे परत जातो, समोरचा मोबियस त्याला अजून ओळखतही नाही. आणि हा त्याला विचारतो की कुणाला मारायचं हे तुम्ही कसं ठरवता. मोबियस त्या आठ वर्षांच्या मुलाची गोष्ट सांगतो, की ज्याला मारायला टीव्हीएच्या एका शिकाऱ्याचा हात उठला नाही, आणि हळूहळू आपल्याला कळतं की तो हात न उठलेला माणूस तोच. तो म्हणतो की पर्पज म्हणजे गौरव कमी आणि ओझंच जास्त. २०१२ मध्ये पहिल्या अ‍ॅव्हेंजर्समध्ये हेच दोन शब्द लोकी छाती काढून बोलला होता, ग्लोरियस पर्पज, पहिल्या सीझनच्या पहिल्या भागाचं नाव तेच आणि या शेवटच्या भागाचंही तेच. शब्द तेच ठेवले आणि माणूस बदलला.

म्हणून सिफच्या शापाबद्दल मी तुझ्याशी सहमत नाही गं. तिथे त्याला एकटं टाकलं होतं, इथे तो स्वतः दार लावून घेतो. मारून एकटं टाकलेलं आणि स्वतःहून गेलेलं यात फरक आहे. पण सुखाचा शेवट? नाही. माझी लेक अर्धा तास काही बोलली नाही, मग म्हणाली की मम्मा, त्याला निदान कुणी बाय तरी म्हणायला हवं होतं.

---

उत्तररात्र | ११ नोव्हेंबर २०२३

सगळे कौतुक करतायत, मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. लोकीसाठी शेवट दहापैकी दहा. बाकीच्यांसाठी नाही. सिल्वीचं काय केलं? लहानपणापासून तिला आयुष्य नव्हतं, प्रलयांत लपून लपून मोठी झाली, आणि या सीझनमध्ये तिला १९८२ च्या मॅकडॉनल्ड्समध्ये काऊंटरमागे उभी केली, ते मला फारच आवडलं होतं, की साधं आयुष्य हवंय हिला. पण त्यापुढे तिच्या हातात काही दिलंच नाही, शेवटी ती मोबियसशेजारी दोन मिनिटं उभी राहते आणि निघून जाते. सोफिया दि मार्टिनोसारखी नटी असताना! टीव्हीएची ती न्यायाधीश रेन्सलेयर तर व्हॉइडमध्ये, म्हणजे काळातून छाटलेलं सगळं जिथे पडतं तिथे, जागी होते आणि संपलं. टीव्हीएतून पळून सिनेनट झालेल्या ब्रॅडवर दुसऱ्या भागात जो वेळ घालवला त्यातला अर्धा या दोघींना दिला असता तर काय बिघडलं असतं. सहाच भाग मिळणार हे माहीत असताना भाग वाया घालवायचे नाहीत.

संगीतावर मात्र कुणी बोललं नाही अजून. नॅटली होल्टने ते थेरेमिनचं थरथरणारं वाद्य पहिल्या सीझनपासून असं वापरलंय की टीव्हीए म्हटलं की तेच कानात येतं, आणि शेवटी तो पायऱ्या चढत जातो तेव्हा हेडफोन लावून ऐका. मी रात्रपाळीवरून येऊन अंधारात ऐकलं. अंगावर काटा.

---

पानगळ | ११ नोव्हेंबर २०२३

लोकी धरून बसतो त्या फांद्यांचं शेवटी जे झाड दिसतं, ते झाड म्हणजे नॉर्स पुराणातला यग्द्रासिल, सगळी विश्वं ज्याच्या आधाराने आहेत तो वृक्ष, हे बहुतेकांना कळलंच असेल. मला मात्र बघताक्षणी गीतेच्या पंधराव्या अध्यायातला अश्वत्थ आठवला, वर मुळं आणि खाली फांद्या. आमच्या अण्णांकडून लहानपणी तो अध्याय पाठ झालाय म्हणून असेल. व्हॉट्सअ‍ॅपवर एकाने लगेच टाकलंय की बघा, आपलंच उचललं. मला ते पटत नाही, त्यांचं झाड त्यांचं आहे, त्यांच्या गोष्टीत ते आधीपासून आहे. आणि नीट बघितलं तर दोन झाडांचं सांगणं उलटं आहे. गीतेतला तो वृक्ष असंगाच्या शस्त्राने तोडायचा आहे, गुंतायचं नाही, मोकळं व्हायचं. लोकी उलट करतो, तो गुंततो, एकेक फांदी मुठीत धरून बसतो, सोडतच नाही. कुठला रस्ता बरोबर हे मला सांगता येणार नाही, पण दोन्ही झाडं शेजारी ठेवून बघताना काल रात्री झोप लागली नाही.

---

निळी_शाई | १२ नोव्हेंबर २०२३

सगळ्यांचे मनापासून आभार, आज अभ्यंगस्नान उरकून परत एकदा बघितला, यावेळी आईला शेजारी बसवून. तिला मागचं काही माहीत नाही, मी मध्ये मध्ये सांगत होते. शेवटी मोबियस रस्त्याच्या पलीकडून स्वतःचंच घर बघत उभा असतो ना, ते घर, ती दोन मुलं, जे आयुष्य त्याच्याकडून काढून घेतलं होतं, आणि म्हणतो की मी इथे जरा थांबतो, वेळ जाऊ देतो. तिथे आई म्हणाली, "तो वरचा धरून बसलाय म्हणून ह्याला थांबता येतंय होय?" मला दोन दिवस जे कळत नव्हतं ते तिने एका वाक्यात सांगितलं. आधी मला वाटत होतं की मोबियस नुसताच उभा आहे, दुःखात. पण त्याला जाऊ द्यायला वेळ कुठून मिळाला, तर लोकीच्या हातातून.

उत्तररात्र, सिल्वीबद्दल शंभर टक्के अनुमोदन.

---

थोरला | १३ नोव्हेंबर २०२३

मी इथे नुसता वाचत असतो, आज पहिल्यांदा लिहितोय. आमच्यात तिघं भावंडं, धाकटे दोघं बाहेर, एक कॅनडात, एक बंगळूरला, आणि मी सांगलीत, बाबांना २०१९ मध्ये अर्धांगवायूचा झटका आला तेव्हापासून. रात्री दोनदा कूस बदलून द्यावी लागते. कुणी जबरदस्ती केली नाही, दोघं नियमित फोन करतात, पैसे पाठवतात, माझी तक्रार नाही. पण तो सिंहासनावर बसतो आणि शेवटी कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर थांबतो, डोळ्यांत पाणी आहे आणि ओठ किंचित हसतात, तो चेहरा मला ओळखीचा आहे. लोक विचारतात की तो सुखी आहे का दुःखी. दोन्ही असतं, एकाच वेळी असतं. काल पाडव्याच्या खरेदीचा व्हिडिओ कॉल आला, तिकडे सगळे हसत होते आणि मलाही खरंच बरं वाटलं, आणि त्याच वेळी घसा दाटला. टॉम हिडलस्टनने ते कसं केलं माहीत नाही, पण बरोबर केलंय.

---

एडिसनची_वहिनी | १३ नोव्हेंबर २०२३

थोरला, तुमचा प्रतिसाद लेकीला वाचून दाखवला. बाबांना नमस्कार सांगा. आणि दादा, तुमच्या भावंडांना एकदा म्हणा की पंधरा दिवस येऊन रहा आणि मला जाऊ द्या कुठेतरी. मी स्वतः बाहेर राहणारी धाकटी आहे म्हणून सांगते, आम्हाला सांगितल्याशिवाय कळत नाही.

---

उत्तररात्र | ३ एप्रिल २०२५

हा धागा वर काढतोय. मार्वलने गेल्या आठवड्यात पुढच्या अ‍ॅव्हेंजर्स सिनेमाच्या, डूम्सडेच्या, कलाकारांची नावं एकेका खुर्चीवर दाखवली ती बघितलीत का, तासनतास चालला होता तो प्रकार आणि मी शेवटपर्यंत बसलो. टॉम हिडलस्टनची खुर्ची आहे! नाव दिसल्यावर मी ओरडलोच, आणि पाच मिनिटांनी पोटात गोळा आला, की अरे, हा उठला तर फांद्या कुणी धरायच्या? सुताचा गुंडा, तुम्ही सांगा, चालू मागावरून हात काढता येतो का?

---

सुताचा_गुंडा | ४ एप्रिल २०२५

हात काढता येत नाही, पण हात बदलता येतो. आमच्याकडे पाळी बदलताना दुसरा माणूस येऊन मागापाशी उभा राहायचा, आधी नुसता बघायचा, कुठला धागा कच्चा आहे ते विचारून घ्यायचा, मगच पहिला बाजूला व्हायचा. आजोबांची पाळी रात्री अकराला सुटायची आणि पुढचा माणूस पावणेअकरालाच हजर असायचा. लोकीच्या पाळीला पुढचा माणूस कोण, हे त्यांनी दाखवलं तर मी पहिल्या दिवशी पहिला शो बघणार.

---

निळी_शाई | ४ एप्रिल २०२५

मला तेही नको, मला एवढंच दाखवू देत की मोबियस त्या पायऱ्या चढून वर गेलाय, बशीत तो हिरवट की लाइम पाय घेऊन, आणि खालच्या पायरीवर टेकलाय. हात रिकामे नसले तर भरवता येतं.

थोरला, तुमचे बाबा कसे आहेत?

---

थोरला | ६ एप्रिल २०२५

बरे आहेत, आता धरून चार पावलं टाकतात. डिसेंबरात बहीण महिनाभर येऊन राहिली, मी कोकणात जाऊन आलो.