फ्रेडी वॉशिंग्टनने हॉलिवूडकडे पाठ फिरवली, ते योग्यच झालं का?

रानजाई :
१९३४चा ‘इमिटेशन ऑफ लाइफ’ पुन्हा पाहिला. पिओला ही काळ्या मोलकरणीची मुलगी, पण इतकी उजळ की कुणालाही गोरीच वाटावी. जात लपवावी तसा वंश लपवून ती एका हॉटेलात गल्ल्यावर बसते. आई शोधत येते, तर चारचौघांत म्हणते, मी या बाईला ओळखत नाही. अंगावर काटा येतो.

ती भूमिका करणारी फ्रेडी वॉशिंग्टन स्वतःही तशीच, काळी पण उजळ; ती मात्र आयुष्यभर याच्या उलट वागली. जन्म १९०३, अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातलं सव्हाना. न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर नाचगाण्यातून वर आली. गोरी म्हणून खपून गेलीस तर मोठी नटी होशील, असं तिला सुचवलं गेलं. तिने साफ नकार दिला, तोही जाहीरपणे. १९३७ नंतर तिचा सिनेमा नाही. मला वाटतं तिने केलं ते शंभर टक्के बरोबर, आणि तिचं खरं मोठं काम त्यानंतरचंच आहे.

गिरणगावकर :
बाणेदारपणा मान्य. पण तिच्या बाणेदारपणाने पडद्यावर काय बदललं? त्याच सिनेमात आई झालेल्या लुईस बीव्हर्सने पुढेही कामं केली. हॅटी मॅकडॅनिएलने मोलकरणी रंगवल्या, पण १९४० साली ऑस्कर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय कलाकार तीच. समारंभात तिला बाजूच्या भिंतीलगत वेगळ्या टेबलावर बसवलं होतं, तरी ती गेली. पुढे लॉस एंजेलिसमध्ये काळ्यांना घर घ्यायला मज्जाव करणारे करार होते, त्याविरुद्ध शेजाऱ्यांसोबत कोर्टात उभी राहिली आणि १९४५ला जिंकली. आत राहून कमावलेलं नाव तिथे उपयोगी पडलंच की.

रानजाई :
हॅटीबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण फ्रेडीला ‘आत राहणं’ म्हणजे काय मिळणार होतं ते बघा. १९३३च्या ‘द एम्परर जोन्स’मध्ये ती पॉल रोबसन या काळ्या नटासोबत होती. ती पडद्यावर गोरी दिसेल, काळा पुरुष गोऱ्या बाईला जवळ घेतोय असं वाटेल, या धास्तीने तिच्या चेहऱ्याला गडद रंग फासला गेला. म्हणजे मोलकरीण व्हायला ती फार गोरी, आणि नायिका व्हायला काळी. अशा बाईने कुठली भूमिका करायची होती, तेवढं सांगा.

आणि बीव्हर्सच्या वाट्याला काय आलं? सिनेमात पॅनकेकची पाककृती तिची, धंदा उभा राहतो तिच्या जोरावर, आणि मालकिणीने वीस टक्के वाटा देऊ केल्यावर ती म्हणते, मला वेगळं घर नको, तुमच्याच घरी राहू द्या. हे लिहिणाऱ्यांच्या हाती फ्रेडीने अजून वीस वर्षं द्यावीत?

नेपथ्य :
‘पाठ फिरवली’ हा शीर्षकातला शब्द मला खटकतो. पाठ हॉलिवूडने फिरवली, अभिनय तिने सोडलाच नव्हता. १९३९ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर ‘मांबाज डॉटर्स’ या नाटकात ती गायिका-नटी एथेल वॉटर्ससोबत होती. त्याआधी १९३७ला ‘नीग्रो अ‍ॅक्टर्स गिल्ड’ ही काळ्या नटांची संघटना उभारण्यात ती होती, संघटनेची पहिली कार्यकारी सचिव तीच. दौऱ्यावरच्या काळ्या नटांना हॉटेलात खोली मिळत नसे. प्रयोग संपल्यावर टाळ्या घेतलेल्या माणसाने रात्री झोपायचं कुठे, हा प्रश्न तिने धसाला लावला. ‘द पीपल्स व्हॉइस’ या हार्लेमच्या, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या काळ्यांच्या वस्तीतल्या, साप्ताहिकात नाट्यविभाग सांभाळला. ही कामं चरित्रात शेवटच्या परिच्छेदात ढकलली जातात, याचा मला राग येतो.

गिरणगावकर :
नेपथ्य, संघटनेचं काम मोठंच, त्यावर वादच नाही. पण प्रेक्षक म्हणून माझं नुकसान झालं त्याचं काय? एवढ्या ताकदीची नटी आणि हाताशी मोजकेच सिनेमे. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचे वॉल्टर व्हाइट मोलकरणीच्या भूमिकांवर टीका करत राहिले, पण त्या भूमिका गेल्या तर रोजीरोटीला पर्याय काय, याचं उत्तर हॅटीसारख्यांना कुणी दिलं नाही. नकार देणं सगळ्यांना परवडत नाही.

रानजाई :
नुकसान झालंच, फक्त त्याचा हिशेब फ्रेडीकडे मागू नका. १९५९ला ‘इमिटेशन ऑफ लाइफ’ नव्याने आला, तेव्हा त्या मुलीची भूमिका सुझन कोनरला दिली. आई मेक्सिकन, वडील युरोपातून आलेले ज्यू. तिला ऑस्करचं नामांकनही मिळालं. पंचवीस वर्षांनीसुद्धा स्टुडिओला या भूमिकेसाठी काळी मुलगी घ्यावीशी वाटली नाही. फ्रेडीने आत राहून या लोकांचं मन वळवलं असतं, असं तुम्हाला खरंच वाटतं?