मदत हवी आहे : गल्लीच्या कामाचं कंत्राट नगरसेविकेच्या दिराकडे? तक्रार कशी करावी?

मंडळी, मुंबईच्या पूर्व उपनगरात राहतो, सोसायटीचा सेक्रेटरी आहे. आमच्या गल्लीतले पेव्हर ब्लॉक धडधाकट असताना उखडले आणि नवे बसवले. पहिल्याच पावसात गटाराच्या कडेने खचले. कामाच्या फलकावर जो पत्ता आहे, त्याच गाळ्यात आमच्या नगरसेविकेच्या दिराचं ऑफिस आहे. फर्मचं नाव मात्र तिसरंच, देवाच्या नावाचं कुठलंसं 'एंटरप्रायझेस'.

व्हॉट्सॲप ग्रुपवर मजल "बाईंचं पद घालवू" इथपर्यंत गेली आहे आणि सह्यांचं पत्र मी लिहायचंय. पाण्याच्या दाबाचा आमचा अर्ज त्याच बाईंकडे आहे. शिवाय हे नुसतं नात्यावरून उठवलेलं बालंट ठरलं, तर बदनामीची नोटीस मला येणार, ग्रुपला नाही.

नातेवाइकाने कंत्राट घेणं मुळात बेकायदा आहे का? नसेल तर शोधायचं काय, आणि पत्र कुणाला?

लघुवाद :
नातं म्हणजे पुरावा नव्हे, हे आधी ग्रुपवर टाका. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम १६ मधली अपात्रता आहे ती पालिकेच्या कंत्राटात स्वतःचा किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, हिस्सा किंवा हितसंबंध असल्याची. दीर, मेहुणा, मुलगा असे शब्द त्यात नाहीत. १९६६ च्या गुलाम यासीन खान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की मुलगा नगरपालिकेत नोकरीला आहे एवढ्यावरून वडिलांचा हितसंबंध धरता येत नाही. उलट २०१२ मध्ये गोव्यातल्या एका पंचायत सदस्येच्या विरोधात निकाल गेला, कारण नवरा कंत्राटदार. पण तिथे पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्याने नवराबायकोची मिळकत सामाईक धरतात, त्यावर सगळं फिरलं. आपल्याकडे तो आधार नाही. म्हणजे तुम्हाला पैशाचा धागा हवा: बाई स्वतः फर्ममध्ये आहेत, किंवा बिलाची रक्कम त्यांच्यापर्यंत पोचते.

आणखी एक. कार्यादेशाची, म्हणजे कंत्राटदाराला काम सुरू करायला दिलेल्या लेखी आदेशाची, तारीख बघा. मार्च २०२२ पासून निवडणूक होईपर्यंत पालिकेवर प्रशासक होता, नगरसेवकच नव्हते. काम त्या काळातलं असेल तर "बाईंनी दिराला मिळवून दिलं" हे वाक्य पत्रात अजिबात नको. निवडून आल्यावरही हितसंबंध चालू असेल, तर प्रश्न उरतोच.

पद जाण्याचा वाद लघुवाद न्यायालयाच्या (स्मॉल कॉजेस कोर्ट) मुख्य न्यायाधीशांपुढे जातो. तिथे अर्ज दुसरा नगरसेवक करू शकतो, किंवा पालिकेने सांगितल्यावर आयुक्त. सोसायटीच्या सह्यांनी पद जात नाही.

टक्केटोणपे :
हा हा, दुसरा नगरसेवक! त्याचाही भाचा कुठेतरी नालेसफाईत असतोच.

मोजपट्टी :
वर विनोद चालू द्या, मी कामाचं सांगतो. फलकाचा फोटो आजच काढा, काम संपलं की फलक गायब होतो. बिलावर किंवा निविदेच्या कागदांत जीएसटी क्रमांक मिळेल, तो जीएसटी पोर्टलवर टाका. फर्म एकट्याच्या मालकीची असेल तर 'कायदेशीर नाव' या रकान्यात मालकाचं नाव येतं, फुकट. भागीदारी नोंदवलेली असेल तर भागीदारी संस्थांच्या निबंधकांकडून उतारा घ्या. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर संचालकांची नावं कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर आहेत.

मग माहितीचा अधिकार. दहा रुपये फी, उत्तर ३० दिवसांत. महाराष्ट्रात अर्जाला एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे ग्रुपचा राग त्यात ओतू नका. "कंत्राटदार बाईंचा नातेवाईक आहे का" असं विचाराल तर अर्ज वाया. कागद मागा: कार्यादेश, बोली लावणाऱ्यांची यादी व दर, मोजमाप पुस्तिकेच्या (झालेल्या कामाची मापं अभियंता लिहितो ती वही) प्रती, देयकं. बोली लावणाऱ्यांचे पत्ते एकाच इमारतीतले निघाले तर दीर बाजूला राहील आणि प्रकरण बोलीतल्या संगनमताचं होईल.

मोजमाप पुस्तिका मुद्दाम सांगतोय. सगळ्यांचं लक्ष नगरसेविकेकडे, पण बिल निघतं ते अभियंत्याच्या सहीने. खालचा थर किती जाडीचा लिहिलाय आणि प्रत्यक्षात किती आहे, हे खचलेल्या जागीच कळेल. ही तक्रार पालिकेच्या दक्षता विभागाकडे जाते आणि तिला कुणाचं नातं सिद्ध करावं लागत नाही. पत्र दोन करा. कामाच्या दर्जाचं आत्ता, हितसंबंधाचं कागद हातात आल्यावर. पहिल्यात दिराचं नावही नको.

धागाकर्ता :
खूप आभार. फोटो काढला, फलकावर जीएसटी क्रमांक नाही. त्यामुळे आधी कार्यादेश आणि मोजमाप पुस्तिकेचा अर्ज टाकतो. पाण्याच्या अर्जाचं काय करू? तो बाईंच्याच हातात ठेवू की जलअभियंता खात्याला सरळ लिहू?

मोजपट्टी :
सरळ लिहा, प्रत बाईंना.